राजाचे उंबरे

दर आठवड्याला या पानावर मी गल्लीतल्या गोष्टी सांगत असतो. दूधवाला, सोसायटीची टाकी, लग्नातल्या पंगती, फार लांब म्हणजे खडकवासल्यापर्यंतची सहल. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचा निरोप आला की, या खेपेस जरा लांबचे लिहा. तेव्हा बीजिंगचे लिहितो. आमच्या शाळेच्या भिंतीवर जो जुना नकाशा होता त्यात त्याचे नाव पेकिंग असे होते आणि बरोबर त्याच जागी नकाशाला भोक पडलेले होते. ते भोक बुजवायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आम्ही तेथे चार दिवस होतो. त्यांपैकी फक्त पहिला दिवस सांगतो. उरलेल्या तीन दिवसांत आम्ही इतर प्रवाशांसारखेच वागलो.

आम्ही म्हणजे मी, सौभाग्यवती, कॉलेजात जाणारी कन्या आणि माझी आई. वाचकांना आईची ओळख आहेच. सोसायटीच्या टाकीत उतरून पाहणी करायला निघालेली ती हीच. वय वर्षे सत्त्याहत्तर, दोन्ही गुडघे अधू, आणि ते कोणी सांगितलेले न चालणारी. पंचाहत्तरीला आम्ही तिला विचारले, "आई, तुला कुठे जायचे आहे?" काशी झालेली, रामेश्वर झालेले. वाटले, फार तर नर्मदेचे नाव काढील. ती म्हणाली, "मला चीनच्या राजाचा वाडा बघायचा आहे. तो पोरगा सायकल चालवायचा ते अंगण."

हा पोरगा म्हणजे चीनचा शेवटचा बादशहा पु यी. त्याच्यावरचा 'द लास्ट एम्परर' हा १९८७ सालचा चित्रपट आई-बाबांनी मिळून पाहिला होता. आम्हा मुलांना नेले नव्हते म्हणून मी दोन दिवस रुसलो होतो, एवढे मला आठवते. सायकलीचे अंगण तिच्या मनात इतकी वर्षे का राहिले ते मी विचारले नाही. आमच्या घरात आईला कारण विचारण्याची पद्धत नाही. मग व्हिसा, विमान आणि माझी रजा या तिघांचे जमेपर्यंत दोन वर्षे गेली.

निघण्यापूर्वी शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी आईला जिन्यात गाठले. "शत्रूच्या देशात कशाला जाता वहिनी?" आई म्हणाली, "बासष्ट साली शाळेत असताना मी माझे पैंजण संरक्षण निधीला दिले होते. माझा हिशेब चुकता आहे. आता बघून यायला काय हरकत?" प्राध्यापक बाजूला झाले. त्यांनी बहुधा काहीच दिले नसावे.

तर पहिला दिवस. मी घरूनच वेळापत्रक करून आणले होते. साडेआठला राजवाडा, साडेअकराला मागची टेकडी, एकला जेवण, दोनला स्वर्गमंदिर, साडेपाचला परत. राजवाड्याची तिकिटे अगोदर काढावी लागतात आणि प्रत्येक तिकिटावर पारपत्राचा क्रमांक असतो. मोसमात माणशी साठ युआन. सोमवारी बंद. हे सगळे मी पाठ केले होते. एकच गोष्ट वेळापत्रकात नव्हती आणि ती म्हणजे आईची चाल.

थ्येनआनमनच्या चौकापाशी तपासणीच्या रांगेतच पाऊण तास गेला. चौक कसला, मैदानच. चव्वेचाळीस हेक्टर. समोर लाल भिंतीवर माओंची तसबीर. १ ऑक्टोबर १९४९ रोजी याच वेशीच्या सज्जातून त्यांनी नव्या राज्याची घोषणा केली, हे आमच्या गाईड मुलीने सांगितले. १९८९ च्या जूनमध्ये याच चौकाच्या आसपास काय घडले ते आमच्या पिढीने वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. तिचे वय पंचविशीच्या आतले असावे. आमच्या कन्येच्या आणि तिच्या पायांतले बूट तंतोतंत सारखे निघाले आणि त्या क्षणापासून दोघींची गट्टी जमली.

या मुलीने आईला पाहताच वाकून "नायनाय!" म्हटले. पुढे पायरी आली, "नायनाय!" रांग पुढे सरकली, "नायनाय!" चौथ्या खेपेस आईचा धीर सुटला. "ही मला सारखी नाय नाय का म्हणते? आणि तेही कोकणातल्यासारखे!" मुलीला विचारले तेव्हा उलगडा झाला. चिनी भाषेत नायनाय म्हणजे आजी. आई प्रसन्न झाली, पण घोटाळा संपला नाही. कारण दक्षिणेच्या मोठ्या वेशीपाशी, म्हणजे वूमनपाशी, मी अनामत ठेवून चाकांची खुर्ची भाड्याने घेतली आणि आई म्हणाली, "नाही, नाही." मुलीला वाटले, आजी आपली ओळख करून देत आहेत. तिने पुन्हा वाकून नमस्कार केला.

"आई, आत एक किलोमीटर लांबीचा वाडा आहे."

"असू दे. मी चालत बघणार. खुर्चीत बसून बघायचे ते पुढच्या वेळी."

पुढची वेळ येणार नाही हे तिला माहीत होते, मलाही माहीत होते. तेव्हा खुर्चीत थर्मास, दशम्यांचा डबा, चार पारपत्रांची पिशवी आणि सौभाग्यवतींची शाल यांची स्थापना झाली आणि रिकामी खुर्ची ढकलत मी चीनच्या बादशहाच्या वाड्यात प्रवेश केला.

हा वाडा म्हणजे एक बंद केलेले गावच आहे. यंगलो बादशहाने १४०६ मध्ये काम सुरू केले आणि १४२० मध्ये ते पुरे झाले. बहात्तर हेक्टर जागा, भोवती दहा मीटर उंच तट, तटाबाहेर बावन्न मीटर रुंद खंदक. चोवीस बादशहा येथे नांदले, चौदा मिंग घराण्याचे आणि दहा छिंग घराण्याचे. रचना अशी की, एक वेस ओलांडली की चौक, चौक संपला की पायऱ्या, पायऱ्या चढलात की पुन्हा वेस आणि पुन्हा त्याहून मोठा चौक. बाहेरच्या भागातल्या चौकांत झाड म्हणून नाही. बादशहाला भेटायला येणाऱ्याने चालून चालून आपण किती लहान आहोत ते समजून घ्यावे, असाच हा बेत दिसतो. चोवीस बादशहांपैकी कोणी हा रस्ता गुडघे धरून चालले असेल असे वाटत नाही. ते पालखीतून जात.

आणि उंबरे! शनिवारवाड्याचा दरवाजा पाहून मोठे झालेल्या माणसाला दाराची आणि खिळ्यांची नवलाई वाटत नाही. लाल दारांवर नऊ ओळींत नऊ असे एक्क्याऐंशी सोनेरी खिळे आहेत, ते आईने मोजून घेतले. पण उंबरे असे की, सरळ चालत येणाऱ्या माणसाची नडगीच फुटावी. घराणे जितके मोठे तितका उंबरा उंच, असे गाईड मुलगी म्हणाली. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचे, असेही तिने बजावले.

"हे शिकायला मला चीनला यावे लागले काय?" आई म्हणाली. "उंबऱ्यावर पाय देऊ नये, उंबऱ्यात बसू नये, उंबऱ्यात शिंकू नये. रोज सकाळी हळद-कुंकू वाहून झाल्याशिवाय तुझ्या आजीने मला चहा दिला नाही."

पण सांगणे वेगळे आणि ओलांडणे वेगळे. उंबरा आला की ती दाराच्या चौकटीला हात लावी, उजवा पाय उचलून पलीकडे ठेवी, मग थांबे, मग डावा पाय हातानेच थोडा उचलून घेई. मागे लोकांची रांग लागे. खुर्चीसाठी बाजूला उतार केलेले होते, तेथून माझा थर्मास सुखाने पलीकडे जाई आणि आम्ही दोघे तिची वाट पाहत उभे राहू.

साडेदहा वाजले. वेळापत्रकाप्रमाणे आम्ही वाड्याच्या मागच्या भागात असायला हवे होते. प्रत्यक्षात आम्ही थायहतियेनच्या, म्हणजे मुख्य दरबाराच्या, चौकाच्या मध्यावर होतो. समोर संगमरवराच्या तीन मजली जोत्यावर चीनमधली सर्वांत मोठी लाकडी इमारत. वाडा पुरा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १४२१ मध्ये, वीज पडून हा दरबार जळाला. नंतरही जळाला, पुन्हा बांधला. आज उभा आहे तो सतराव्या शतकाच्या शेवटचा. "आपला शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तो जळालाच," आई म्हणाली आणि उन्हात तेथेच उभी राहून छपराच्या टोकावरची छोटी जनावरे मोजू लागली. दहा आहेत. इतर कोणत्याही छपरावर दहा नाहीत. पण ती मोजायला तिला सात मिनिटे लागली आणि माझा तोल गेला.

"आई, तुझ्या हट्टापायी सगळ्यांचा दिवस वाया चालला आहे! बस म्हटले तर बसावे माणसाने!"

चौक मोठा असल्यामुळे आवाज चांगला घुमला. शेदीडशे चिनी माणसांनी वळून पाहिले. आईवर ओरडणारा मुलगा ओळखायला भाषा लागत नाही. आई काही बोलली नाही. पदर सारखा करून ती चौकाच्या कडेला असलेल्या एका प्रचंड घंगाळाशी जाऊन उभी राहिली आणि ते पाहू लागली.

खरे सांगायचे तर खुर्ची मला तिच्या गुडघ्यांसाठी नको होती, माझ्या वेळापत्रकासाठी हवी होती.

सौभाग्यवती माझ्याकडे आली. मला वाटले आता व्याख्यान होणार. ती म्हणाली, "तुम्हीच बसा बघू जरा त्या खुर्चीत. तुमचा चेहरा लाल झाला आहे." आणि तिने खांद्याला धरून मला बसवलेच. माझ्या मांडीवर थर्मास. कन्येने तेवढ्यात फोटो काढला आणि घरच्या मंडळींना पाठवून दिला. पुण्याहून भाचीचा लगेच उलट सवाल आला, "मामाला काय झाले?"

आई घंगाळापाशी उभी होती ती एकदम हसायला लागली. हसता हसता आली आणि खुर्चीच्या मुठी तिने धरल्या. "ऊठ," म्हणाली. मी उठलो. तिने खुर्ची ढकलून पाहिली, दोन पावले, चार पावले. मुठींवर भार टाकला तशी कंबर सरळ झाली. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईसारखी ती थर्मास घेऊन निघाली आणि आम्ही मागे. इतका सोपा उपाय मला सुचला नव्हता, गाईडला सुचला नव्हता, आणि हाडांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितला होता तेव्हा आईने तो धुडकावला होता. काठी नको, आधाराची गाडी नको. पण दशम्यांचा डबा ढकलणे ही गोष्ट वेगळी. ते काम आहे.

त्या घंगाळांविषयी सांगायचे राहिले. वाड्यात एके काळी अशी तीनशेच्या वर होती. लाकडी वाड्याला आगीचे भय, म्हणून त्यांत पाणी भरून ठेवीत. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांना रजया पांघरीत आणि खाली विस्तव ठेवीत. काहींवर सोन्याचा मुलामा होता, त्यावर आता ओरखडे आहेत. १९०० साली बॉक्सरांचे बंड मोडायला आठ देशांच्या फौजा पेकिंगात घुसल्या तेव्हा शिपायांनी संगिनींनी सोने खरवडून नेले, असे सांगतात. त्या फौजांत इंग्रजांच्या निशाणाखाली आपले रजपूत, शीख, पंजाबी शिपाई होते. सातव्या रजपूत पलटणीतल्या गदाधर सिंह नावाच्या शिपायाने परत आल्यावर 'चीन में तेरह मास' हे हिंदी पुस्तक लिहिले, त्यात चिनी लोकांच्या हालांबद्दल त्याला वाटलेला कळवळा आहे. मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "त्यांना कुणी विचारले होते का, जाता का म्हणून?" आणि गाडी पुढे ढकलली.

पुढचा मोठा दगड मात्र पाहण्यासारखा आहे. बाओहतियेनच्या मागच्या पायऱ्यांच्या मधोमध एकसंध शिळा बसवलेली आहे. साडेसोळा मीटर लांब, वजन दोनशे टनांवर, अंगभर ढग आणि नाग. असल्या शिळा लांबच्या खाणीतून थंडीच्या दिवसांत आणीत. वाटेवर विहिरी खणायच्या, पाणी ओतायचे, त्याचा बर्फ झाला की त्यावरून ओढायचे. कन्या म्हणाली, "म्हणजे त्या वेळीही उतार करत होतेच की." हे कोणाला उद्देशून होते ते सर्वांना कळले.

मग छ्येनछिंगमन आली. या वेशीच्या पलीकडे बादशहाचा खासगी वाडा आणि आईच्या राजाचे राज्य.

पु यी १९०८ मध्ये गादीवर बसला तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याच्या नावाने राज्यत्यागाचा खलिता निघाला. नवे प्रजासत्ताक उदार होते. किताब राहू दे, नोकरचाकर राहू देत, वाड्याचा मागचा भागही राहू दे, असे ठरले. पुढचे मोठे दरबार सरकारजमा झाले. म्हणजे एके काळी ज्याच्या घराण्याचा अंमल तिबेट-मंगोलियापर्यंत होता, त्या मुलाचे राज्य या वेशीच्या उंबऱ्याशी संपत होते. आत मात्र तो अजून बादशहाच. खोजे गुडघे टेकत. १९१९ मध्ये रेजिनाल्ड जॉन्स्टन नावाचा इंग्रजी शिकवणारा साहेब आला. त्याच्या नादाने चष्मा आला, मग टेलिफोन आला. टेलिफोन आल्यावर या पोराने काय करावे? हॉटेलाला फोन करून खोट्या पत्त्यावर जेवण मागवले. आणि सायकल आली. सायकलीला उंबरे आडवे येऊ लागले. त्याच्या पूर्वजांना शेकडो वर्षांत ज्या उंबऱ्यांची अडचण वाटली नव्हती, ते त्याने करवतीने कापून टाकायला लावले.

गाईड मुलीने आम्हाला मागच्या अंगाच्या एका दाराशी नेले. "नायनाय, बघा." दारात उंबरा नव्हता. चौकटीच्या दोन्ही बाजूंना तो बसण्याच्या खाचा तेवढ्या दिसत होत्या. आईने खुर्ची तशीच पुढे ढकलली. चाके खळ्ळकन पलीकडे गेली. ती थांबली, वळली आणि खुर्ची पुन्हा अलीकडे आणली. मग पुन्हा पलीकडे. असे तिने तीनदा केले. मागे उभ्या असलेल्या एका चिनी कुटुंबाने आपल्या लेकराला बाजूला घेऊन तिला वाट करून दिली. मी घड्याळ पाहिले नाही. आणखी कोणी पाहिले असल्यास मला माहीत नाही.

उत्तरेच्या वेशीतून बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता. खुर्ची परत केली. समोर जिंगशानची टेकडी. खंदक खणताना निघालेल्या मातीची ती रचली आहे. १६४४ मध्ये बंडखोर शहरात शिरले तेव्हा मिंग घराण्याच्या शेवटच्या बादशहाने याच टेकडीच्या पायथ्याशी झाडाला गळफास घेतला. वरून सगळ्या वाड्याची पिवळी छपरे एका नजरेत दिसतात. सौ. आणि कन्या गाईडबरोबर वर गेल्या. मी आणि आई खाली बाकावर बसलो, दशम्या आणि लसणाची चटणी काढली. चीनमध्ये एक सोय फार उत्तम आहे. उकळते पाणी जागोजागी मिळते. थर्मासात चहाची पूड होती, तिच्यावर ते ओतले.

"आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा तुला आठवतो?" आई एकदम म्हणाली. "त्याचा उंबरा?"

आठवत होता. आजोळी तो वाडा पडेपर्यंत मी प्रत्येक सुट्टीत त्याला ठेचकाळत असे.

"दादाची सायकल होती. तो कॉलेजातून आला की चौकात लावायचा. मी चोरून शिकले. अर्ध्या पायडलवर. पण अण्णांनी सांगून ठेवले होते, उंबऱ्याबाहेर सायकल गेलेली दिसली तर पाय मोडीन. पुण्यातल्या निम्म्या पोरी सायकलीवर शाळेत जायच्या. मी आपली चौकात आडाभोवती गोल, गोल. एकदा धाडस केले. दुपारी सगळे निजले असताना सायकल दिंडीपाशी नेली. पुढचे चाक उंबऱ्यावर चढवले, मागचे काही उचलेना. अकरा वर्षांची होते. तशीच अडकले, अर्धी आत, अर्धी बाहेर. अण्णांनीच येऊन सोडवले."

"मारले?"

"नाही. सायकल विकून टाकली."

तिने दशमीचा तुकडा मोडला. "तुझे बाबा तो सिनेमा बघताना मला म्हणाले होते, आता शीक की, मी धरतो मागून. मी चाळिशीची. म्हटले, लोक काय म्हणतील?"

मी तिला आणखी चहा ओतून दिला. सकाळबद्दल काहीतरी बोलायचे मनात होते. ते शब्दांत येईना. तेवढ्यात वरून मंडळी उतरली आणि कन्येने मोबाइलवर पस्तीस फोटो दाखवले.

वास्तविक तेथून खोलीवर परतावे असे माझे मत होते. आईनेच मोडून काढले. "वेळापत्रकात स्वर्गमंदिर आहे ना? मग?" टॅक्सी केली.

स्वर्गमंदिर, म्हणजे थ्येनथान, मला राजवाड्यापेक्षा जास्त आवडले. तेही १४२० चेच. बादशहा येथे येऊन आभाळाकडे चांगले पीक मागत असे. गोल, निळ्या कौलांचे, अडतीस मीटर उंच देऊळ, एका खिळ्याविना जोडलेले. १८८९ मध्ये वीज पडून जळाले आणि तसेच्या तसे पुन्हा उभारले. आत अठ्ठावीस खांब: मधले चार ऋतूंचे, बारा महिन्यांचे, बारा दिवसाच्या दोन-दोन तासांच्या प्रहरांचे. सगळे मिळून अठ्ठावीस नक्षत्रे. "अभिजित धरून आपलीही अठ्ठावीसच," आई म्हणाली. देवळात जाऊ देत नाहीत, दारातून पाहायचे. पायऱ्या पाहून तिने खालूनच हात जोडले.

पण खरी मौज बाहेरच्या लांब ओसरीत. निवृत्त मंडळींनी ती ताब्यात घेतलेली असते. कोणी पत्ते खेळतो, कोणी विणते, कोणी पेटीसारखे काहीतरी वाजवतो आणि दहाजण गातात. आईचे पाय आता सुजले होते. कठड्यावर बसलेल्या एका आजीबाईंनी तिला पाहिले आणि विणकाम आवरून सरकून जागा दिली. मग त्यांनी आपला गुडघा दाखवला. आईने आपला दाखवला. त्यांनी बोटांनी दोन दाखवले, आईनेही दोन दाखवले. त्यांनी पिशवीतून एक मलम काढून आईच्या गुडघ्याला चोळले. आईने पर्समधून सुंठवडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. भाषेचा एक शब्द नाही. वीस मिनिटे दोघींचे गुडघे बोलत होते.

गाईड मुलगी हे सगळे पाहत होती. निघताना म्हणाली, "नायनाय चालू शकणार असतील तर एक दार दाखवते. मागेच आहे. लोक तिकडे फारसे जात नाहीत."

मोठ्या देवळाच्या पाठीमागच्या आवारात, भिंतीत, एक लहानसे लाल दार होते. त्याचा डौल काहीच नव्हता. त्याची कथा अशी. छ्येनलुंग बादशहा १७३५ मध्ये गादीवर बसला. साठ वर्षे राज्य केले. पूजेला येताना वेशीपासून ठरलेल्या लांब वाटेने चालायचे हा नियम. सत्तरी आली आणि त्याला ते झेपेना. दरबाऱ्यांनी भिंतीला दार पाडून जवळची वाट काढून दिली. पण बादशहाला धास्ती पडली की, आपले पोरगे-नातू याच दाराने जाऊन आळशी होतील. म्हणून हुकूम काढला: माझ्या वंशातला जो सत्तर वर्षांचा होईल त्यानेच या दाराने जावे. सत्तरीचे दार असेच त्याचे नाव पडले. पुढे काय झाले? त्याचा मुलगा एकोणसाठाव्या वर्षी गेला, नातू सदुसष्टाव्या. त्यानंतरचे तिघे चाळिशीही न गाठता गेले. शेवटचा आईचा सायकलवाला. त्याला १९२४ च्या नोव्हेंबरात वाड्याबाहेर काढले, पुढे तुरुंग, १९५९ मध्ये माफी, मग बीजिंगच्या वनस्पती उद्यानात माळीकाम. १९६७ मध्ये तो वारला तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. छ्येनलुंगखेरीज त्या दाराने जाण्याचा हक्क एकाही बादशहाला मिळाला नाही.

आम्ही गेलो त्या दिवशी दार बंद होते. आई भिंतीला हात टेकून त्याच्याकडे पाहत राहिली.

"तू किती वर्षांचा रे?"

"बावन्न."

"मग तू तिथेच थांब."

ती एकटी पुढे गेली, दाराच्या अगदी जवळ. खाली वाकून पाहिले. उंबरा केवढा आहे ते पाहत असावी. परत आली तेव्हा चेहऱ्यावर विचार होता.

"साठ वर्षे राज्य केलेला माणूस," ती म्हणाली. "त्याने कुणाला सांगितले असेल रे पहिल्यांदा, गुडघे दुखतात म्हणून?"

गाईडला विचारले. तिलाही ते माहीत नव्हते. संध्याकाळ होत आली होती. पूर्वेच्या वेशीपर्यंतचे अंतर मी मनात मोजत होतो आणि बोलायचे नाही असे ठरवून गप्प होतो. आईने माझा दंड धरला. सगळा भार टाकून धरला, असा तिने पूर्वी कधी धरल्याचे मला आठवत नाही.

"उद्या ती भिंत आहे ना?"

"हो. वर जायला पाळणा आहे."

"पाळण्यापर्यंत चालायचे किती, ते त्या मुलीला विचार. आणि सकाळच्यासारखी खुर्ची तिथे मिळते का तेही विचारून ठेव." दोन पावले गेल्यावर म्हणाली, "थर्मास तू हातात घे."

मी मुलीला विचारले. तिने मोबाइलवर कोणाशी तरी भरभर बोलून घेतले आणि आईकडे पाहून मान डोलावत, हसत म्हणाली, "नायनाय!"

"काय म्हणते?" आईने विचारले.

"हो म्हणते," मी सांगितले.